अभयारण्यांची कुळकथा

भरतपूर शहराबाहेर केवलादेव महादेवाचें एक लहानसें देऊळ आहे. त्याच्या शेजारीं, पाण्याच्या कांठीं, कोरीव अक्षरांचे कांहीं दगडी फलक उभे आहेत. हिवाळ्यांत गळ्यांत दुर्बिणी अडकवून पक्षी पाहावयास आलेलीं कुटुंबें त्या फलकांपाशीं थांबतात आणि वाचूं लागतात : अमुक तारीख, अमुक थोर पाहुणे, इतके पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशीं हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ जी शिकार झाली, तींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारले गेले.

बारा नोव्हेंबर ही तारीख पक्षिप्रेमी लोकांना दुसऱ्याच एका कारणानें पाठ आहे. सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांचा जन्म १८९६ सालीं याच तारखेस मुंबईंत झाला. अरण्यविद्येचे उपासक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून, म्हणजे ५ नोव्हेंबरपासून, सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा आठवडा महाराष्ट्रांत पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. तारखेचा हा मेळ निव्वळ योगायोग होय. परंतु जागेचा मेळ तसा नाहीं. ज्या पाणथळींत ते चार हजारांवर पक्षी पडले, तीच पाणथळ आज केवलादेव राष्ट्रीय उद्यान या नांवानें राखली जात आहे.

हें उदाहरण एकटें नाहीं. सौराष्ट्रांतील गीर हें जुनागढच्या नबाबांचें शिकारीचें रान होतें. रणथंभोर जयपूरच्या महाराजांचें, तर बांदीपूर म्हैसूरच्या महाराजांचें. कुमाऊंच्या पायथ्याचें विख्यात उद्यान तर आजही एका शिकाऱ्याचेंच नांव धारण करतें. भारतांतील संरक्षित रानांचा नकाशा पुष्कळ अंशीं शिकाऱ्यांनीं आंखला, हें या कुळकथेचें पहिलें वाक्य होय. तिचें दुसरें वाक्यही तितकेंच खरें आहे. शिकाऱ्यानें रान राखलें तें इतरांना बाहेर ठेवून. आणि पुढें प्रजासत्ताकानें त्याच्याकडून जनावरांचा वारसा घेतला, तेव्हां त्या जनावरांभोवतींचें कुंपणही त्याच्याकडे वारशानें आलें.

अभय देण्याची कल्पना या भूमींत नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘अभयवन’ हा शब्द आहे आणि अशा वनांतील पशुपक्ष्यांना बांधणाऱ्यास वा मारणाऱ्यास कडक दंड सांगितला आहे. परंतु त्याच ग्रंथांत राजाच्या क्रीडेकरितां एक निराळें मृगवन राखण्याचीही आज्ञा आहे. राजाच्या जिवास धोका नको म्हणून तेथील हिंस्र श्वापदांचे दांत आणि नखें आधींच काढून टाकावीं, अशी ती व्यवस्था! अभय आणि विहार या दोन्ही गोष्टी एकाच राजसत्तेच्या अधिकारांत, एकाच ग्रंथांत शेजारीं शेजारीं बसलेल्या आहेत. अशोकानें आपल्या राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर एका स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची यादीच कोरून ठेवली आणि निष्कारण रानें जाळूं नयेत असेंही बजावलें.

राजाज्ञेवांचून रान राखण्याची एक तिसरी परंपराही या देशांत आहे. मारवाडांतील खेजडली गांवीं १७३० सालीं राजवाड्याच्या कामाकरितां खेजडीचीं म्हणजे शमीचीं झाडें तोडावयास राजाचीं माणसें आलीं, तेव्हां अमृतादेवी नांवाच्या बिष्णोई स्त्रीनें झाडास मिठी मारून प्राण दिला, आणि तिच्यामागून परंपरेच्या गणनेप्रमाणें एकंदर ३६३ माणसांनीं तसाच देह ठेवला. त्या वेळीं जोधपूरच्या गादीवर असलेल्या महाराजांचें नांव अभयसिंह होतें, हा इतिहासाचा कठोर विनोद म्हणावा लागेल. मारवाडच्या त्या रुक्ष वालुकामय मुलखांत आजही बिष्णोई वस्तीभोवतीं काळवीट आणि चिंकारा माणसाची भीति न धरतां चरतांना दिसतात. तेथें रान राखणारा आणि रानाशेजारीं राहणारा हे दोघे वेगळे नाहींत.

एकोणिसाव्या शतकांत इंग्रज सरकारनें रानें आपल्या ताब्यांत घेतलीं तीं मात्र जनावरांकरितां नव्हेत. आगगाड्यांच्या रुळांखालीं घालावयास साल, साग आणि देवदार यांचें लांकूड हवें होतें. १८६५ आणि १८७८ या सालांच्या कायद्यांनीं राखीव जंगलें निर्माण झालीं आणि पिढ्यान् पिढ्या तेथें गुरें चारणारा, मध काढणारा, मोह वेंचणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनें परवानगीनें आलेला पाहुणा ठरला. एकीकडे शेतीचा विस्तार आणि दुसरीकडे लांबवर मारा करणाऱ्या नव्या रायफली, यांमुळें जनावरें झपाट्यानें कमी होऊं लागलीं. हें प्रथम ज्यांच्या ध्यानांत आलें त्यांत शिकारीही होते, कारण रानांतील जनावरांची मोजदाद त्यांच्याइतकी नित्य दुसरें कोण करीत होतें ? १८८७ आणि १९१२ सालच्या कायद्यांनीं विणीच्या हंगामांत शिकारीस कांहीं बंधनें घातलीं. पण तीं घालणाराचा हेतु पुढच्या हंगामांत शिकार शिल्लक राहावी एवढाच होता.

याच काळांत, १५ सप्टेंबर १८८३ रोजीं, मुंबईंत आठ गृहस्थांनीं एकत्र येऊन निसर्गेतिहासाचा अभ्यास करणारी एक संस्था स्थापन केली. तीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. त्या आठांत दोन हिंदी होते आणि दोघेही मराठी वैद्यक-पंडित होते : प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. या संस्थेच्या आरंभींच्या अंकांत शिकारीच्या हकीकती आणि प्राण्यांचीं शास्त्रीय वर्णनें खांद्याला खांदा लावून बसत. १९०८ सालीं एक लहान मुलगा आपल्या हवेच्या बंदुकीनें मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी हातांत घेऊन, ती कोणत्या जातीची हें विचारावयास या संस्थेच्या कचेरींत आला. संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांनीं त्याला रागें न भरतां पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. तो मुलगा सालीम अली. शिकारीपासून अभ्यासाकडे आणि अभ्यासापासून संरक्षणाकडे देशानें जो प्रवास केला, तो त्या एका मुलाच्या आयुष्यांत संक्षेपानें घडलेला दिसतो.

आतां प्रत्यक्ष रानांकडे वळूं. पश्चिमेस गीर. सागाचें आणि काटेरी झुडपांचें हें कोरडें रान उन्हाळ्यांत पिंगट होतें, आणि त्या पिंगट गवतांत सिंहाचा रंग इतका मिसळून जातो कीं दहा पावलांवर बसलेला पशु दिसूं नये. एके काळीं उत्तर हिंदुस्थानांत दूरवर आढळणारा सिंह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या एका रानापुरता उरला होता. १९०० सालीं, छपन्नच्या दुष्काळाच्या छायेंत, लॉर्ड कर्झन जुनागढास आले. सिंहाची शिकार हा त्या पाहुणचाराचा मुख्य भाग व्हावयाचा होता. परंतु सिंह नामशेष होण्याच्या बेतांत आहेत हें ध्यानांत येऊन कर्झन यांनीं ती शिकार नाकारली आणि नबाबांनीं सिंहांना संरक्षण द्यावें असें सुचविलें. जुनागढच्या नबाबांनीं तें दिलें. १९३६ च्या गणनेंत २८७ सिंह आढळले. १९६८ पर्यंत ही संख्या पुन्हां १७७ वर उतरली. १९६५ सालीं अभयारण्य आणि १९७५ सालीं आंतील भागाचें राष्ट्रीय उद्यान झाल्यावर ती वाढत गेली, आणि २०२५ च्या गणनेंत ८९१ वर पोहोंचली.

ज्या कर्झननीं गीरमध्यें सिंहाची शिकार नाकारली, तेच कर्झन १९०२ सालीं भरतपूरच्या पाणथळीवरील पहिल्या मोठ्या शिकारींत सामील होते. त्या काळाच्या मनांत या दोन गोष्टींत विसंगति नव्हती. जें थोडें उरलें तें राखावें, जें विपुल आहे तें मारावें, असा तो सरळ हिशेब होता.

देशाच्या दुसऱ्या टोंकास, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरावर, काझीरंगा आहे. गीरमध्यें पाण्याचें दुर्भिक्ष, तर येथें पाण्याचें साम्राज्य. हत्तीलाही झांकून टाकील असें उंच गवत, नदीनें मागें सोडलेलीं तळीं, आणि दक्षिणेस कार्बी टेंकड्यांची निळी रेषा. पावसाळ्यांत नदी या सखल भूमीवर पसरते. पुरांत जनावरें मरतात. परंतु पूर आला नाहीं तर तळीं भरून येत नाहींत आणि गवताच्या जागीं हळूहळू झाडोरा माजूं लागतो. जनावरांनीं पुराच्या वेळीं दक्षिणेच्या टेंकड्यांवर चढून जावें आणि ओसरल्यावर परतावें, हा तेथील फार जुना क्रम आहे. आज त्या वाटेवर वाहनांनीं गजबजलेला राजमार्ग आहे.

कर्झन यांच्या पत्नी १९०४ सालीं येथें आल्या त्या एकशिंगी गेंडा पाहावयास. त्यांना गेंड्याचीं तीन बोटांचीं पाउलें तेवढीं चिखलांत दिसलीं, असें सांगतात. १९०५ सालीं या भूमीस राखीव करण्याचा पहिला हुकूम निघाला, १९०८ सालीं ती राखीव जंगल झाली आणि १९१६ सालीं तिला ‘गेम सँक्चुअरी’ हें नांव मिळालें. इंग्रजींतील ‘गेम’ म्हणजे शिकारयोग्य जनावर. स्वतंत्र भारतांत, १९५० सालीं, हा शब्द बदलून तेथें वन्यजीव हा शब्द घालण्यांत आला. कागदावरची ती एक किरकोळ दुरुस्ती वाटेल. पण तींत दृष्टि पालटली होती. ‘गेम’ या शब्दांत जनावर हें माणसाच्या बंदुकीसमोर उभें असतें. ‘वन्यजीव’ या शब्दांत तें स्वतःच्या पायांवर उभें राहतें. शतकाच्या आरंभीं काझीरंग्यांत मोजके डझनभरच गेंडे उरले असावेत असा अंदाज केला जाई. २०२२ च्या गणनेंत ते २,६१३ भरले.

तिसरें रान हिमालयाच्या पायथ्याचें. रामगंगा नदी डोंगरांतून उतरून पातळी दून नांवाच्या दरींत शिरते. दोन्ही बाजूंस सालवृक्षांचें घनदाट रान आणि मध्यें गवताळ कुरणें. येथें फ्रेडरिक चॅम्पियन नांवाचा जंगलखात्याचा अधिकारी वाघाच्या वाटेवर तार बांधून ठेवी. वाघाचा पाय तारेस लागतांच प्रकाश चमके आणि छायाचित्र निघे. १९२७ सालीं त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि रायफलीवांचूनही वाघाची गांठ घेतां येते हें लोकांना दिसलें. नरभक्षक वाघांच्या शिकारीमुळें कुमाऊंत घरोघरीं माहीत झालेला जिम कॉर्बेट त्याच काळांत कॅमेऱ्याकडे वळला आणि रानाच्या संरक्षणाचा आग्रह धरूं लागला. १९३६ च्या ऑगस्टमध्यें या दरींत भारतांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें आणि त्यास माजी गव्हर्नर हेली यांचें नांव देण्यांत आलें. स्वातंत्र्यानंतर तें कांहीं काळ रामगंगा उद्यान झालें आणि १९५५ सालीं कॉर्बेटच्या मृत्यूनंतर त्यास त्याचें नांव मिळालें. पुढें याच रामगंगेवर कालागढ येथें धरण झालें आणि त्याच्या जलाशयांत पातळी दूनचीं उत्तम कुरणें बुडालीं. शिकाऱ्यापासून वांचलेलें रान विकासाच्या योजनेपासून वांचतेंच असें नाहीं, हा धडा येथें मिळाला.

स्वातंत्र्याच्या वेळीं एक हानि भरून न येण्यासारखी झाली. १९४७ सालीं मध्य हिंदुस्थानांतील कोरिया संस्थानच्या राजांनीं एका रात्रीं तीन चित्ते मारले. या देशांतील चित्त्याची खात्रीलायक अशी तीच अखेरची नोंद समजली जाते. १९५२ सालीं वन्यजीवांसाठीं मध्यवर्ती मंडळ स्थापन होऊन त्याची पहिली बैठक म्हैसूर येथें भरली. पण चित्त्यापुरता तरी हा विचार उशिरां आला होता. त्याच सालीं तो नामशेष झाल्याचें मान्य करण्यांत आलें. मंडळाचे अध्यक्षपद म्हैसूरच्या महाराजांकडे होतें, म्हणजे शिकारीच्या रानाचा वंशपरंपरागत धनीच आतां रक्षकाच्या आसनावर बसला होता. १९५५ सालीं मध्य भारतांतील कान्हा आणि चांदा जिल्ह्यांतील ताडोबा हीं राष्ट्रीय उद्यानें झालीं. तरीहि वाघाची शिकार पाहुण्यांना विकण्याचा धंदा पुढें पंधरा वर्षें चालू राहिला. १९६९ सालीं दिल्ली येथें निसर्गसंरक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, १९७० सालीं वाघाच्या शिकारीस बंदी झाली, १९७२ च्या गणनेंत अवघे १,८२७ वाघ आढळले, त्याच सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९७३ रोजीं कॉर्बेट उद्यानांत व्याघ्रप्रकल्पाचा प्रारंभ झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपल्याकडील मेळघाट होतें.

नव्या कायद्यानें बंदूक खालीं ठेवावयास लावली हें निःसंशय मोठें काम झालें. परंतु कुंपणाच्या आंत आणि कांठावर राहणाऱ्या माणसांचें काय, या प्रश्नाचें उत्तर त्यांत नीटसें नव्हतें. अभयारण्यांत कांहीं हक्क चालूं शकत. राष्ट्रीय उद्यानांत चराईस मुळींच जागा नव्हती. या फरकाची किंमत पुन्हां भरतपूर येथेंच मोजावी लागली.

भरतपूरची पाणथळ ही मुळांत निसर्गानें जशीच्या तशी दिलेली नाहीं. तेथें एक सखल भाग होता. अठराव्या शतकांत भरतपूरच्या राजांनीं अजान बांध घातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाट आणि बंधारे काढून त्या सखल भागांत पाणी खेळविण्यांत आलें, तें बदकांच्या शिकारीकरितां. स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ कोरडी करून शेतकऱ्यांना जमीन वांटून द्यावी अशी मागणी झाली, तेव्हां सालीम अलींनीं पंडित नेहरूंपर्यंत रदबदली करून ती वांचविली. तेथील शेवटची मोठी शिकार १९६४ सालीं झाली. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत राहिला. या साऱ्या काळांत भोंवतालच्या गांवांच्या म्हशी त्या पाण्यांत उतरून चरत होत्या. पुढें राष्ट्रीय उद्यान झालें. १९८२ च्या नोव्हेंबरमध्यें चराई एकाएकीं बंद करण्यांत आली. गांवकरी जमले, पोलिसांनीं गोळी चालविली, आणि कांहीं माणसें प्राणांस मुकलीं. ज्या रानांत पूर्वीं पाहुण्यांच्या गोळ्यांनीं पक्षी पडत, त्याच रानाच्या सीमेवर पक्ष्यांच्या नांवानें माणसें पडलीं.

पुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. म्हशी गेल्यावर पाणथळ अधिक निर्मळ होईल, पक्षी वाढतील, अशी तज्ज्ञांची अपेक्षा होती. त्याच काळांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक सालीम अलींच्या मार्गदर्शनाखालीं तेथें दीर्घ काळ निरीक्षण करीत होते. त्यांना उलटेंच दिसलें. जें गवत म्हशी खाऊन आटोक्यांत ठेवीत, तें आतां मोकाट वाढून पाण्याचा पृष्ठभाग व्यापूं लागलें, माशांची आणि कांहीं पक्ष्यांची जागा आकसली. म्हैस ही त्या रानाची शत्रु नसून त्या रानाच्या घडणीचा एक भाग होती, असा त्या अभ्यासाचा इत्यर्थ निघाला. अभ्यासकांनीं तो निष्कर्ष दडपला नाहीं, हें त्यांच्या शास्त्रनिष्ठेस भूषणावह आहे. पुढें गांवकऱ्यांना परवान्यानें गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. गेलेलीं माणसें अर्थात् परत आलीं नाहींत. सैबेरियाहून येणाऱ्या शुभ्र क्रौंचांचेंही दर्शन २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तेथें झालें नाहीं. त्यांच्या लांबच्या वाटेवर, परक्या मुलखांत, बंदुका अजून खालीं ठेवल्या गेल्या नव्हत्या.

याच्या उलट बाजूही न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. कान्ह्यांतील कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा हा जगांत दुसरीकडे कोठेंही उरला नव्हता, आणि १९७० सालीं त्याची संख्या केवळ ६६ होती. त्याला उंच गवताचीं मोकळीं कुरणें लागतात. सोंफ नांवाचें गांव तेथून उठलें, त्याच्या शेतांवर गवत माजलें, आणि बारशिंगा त्या गवतांत येऊन वाढला. आज तो वांचला आहे. गांव उठल्यावांचून तो वांचता ना, असें मानण्यास जागा आहे. म्हणून माणसानें रानांतून कधींच हलूं नये असा सरसकट नियम करतां येत नाहीं. प्रश्न एवढाच, कीं जो हलतो त्याला विचारलें जातें काय, त्याला मोबदला मिळतो काय, आणि ज्या कार्याकरितां तो हलला तें कार्य खरोखर पार पडतें काय.

हा शेवटचा प्रश्न कुनोच्या रानानें फार तीव्रतेनें विचारला. गीरमध्यें सारे सिंह एकाच ठिकाणीं असल्यामुळें एखाद्या सांथीनें सर्वनाश होऊं शकेल, म्हणून त्यांतील कांहीं मध्यप्रदेशांतील कुनो येथें न्यावेत अशी योजना ठरली. सिंहांना जागा व्हावी म्हणून तेथील २४ गांवें, मुख्यत्वें सहरिया आदिवासींचीं, एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उठविण्यांत आलीं. गुजराथ सरकार सिंह देण्यास राजी झालें नाहीं. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ते न्यावेत असा निकाल दिला, तरीहि सिंह आले नाहींत. २०१८ सालीं गीरच्या एका भागांत वीसहून अधिक सिंह थोड्याच दिवसांत मेले आणि त्यांपैकीं कांहींत सांथीच्या रोगाचे विषाणू सांपडले. ज्या भीतीनें योजना आंखली होती ती भीति पोकळ नव्हती. अखेर १७ सप्टेंबर २०२२ रोजीं कुनोमध्यें जनावर आलें तें सिंह नव्हे, तर आफ्रिकेंतील नामिबियाहून विमानानें आणलेले आठ चित्ते. सहरियांनीं घरें सोडलीं होतीं सिंहाकरितां, आणि गीरमध्यें ज्या मालधारी गवळ्यांचीं अनेक कुटुंबें १९७२ पासून पुढें बाहेर काढलीं गेलीं, त्यांनींही सिंहाकरितांच. पण सिंह मात्र एकाच रानांत राहिला.

केवळ कुंपणानें जनावर वांचतें हा समजही खोटा ठरला. २००४-०५ च्या सुमारास राजस्थानांतील सारिस्का या व्याघ्रक्षेत्रांत एकही वाघ शिल्लक नाहीं असें उघडकीस आलें; चोरट्या शिकाऱ्यांनीं ते संपविले होते. २००६ सालीं नव्या पद्धतीनें मोजणी झाली, तेव्हां देशांत १,४११ वाघांचा अंदाज निघाला. २०२२ च्या मोजणींत तो ३,६८२ वर गेला. याच २००६ सालीं वनहक्कांचा कायदा होऊन रानांतील रहिवाशांचे पिढीजात हक्क प्रथमच कायद्यानें मान्य झाले. वाघाची मोजणी आणि माणसाच्या हक्काची नोंद एकाच सालीं सुरू व्हावी, हें सूचक आहे.

विदर्भांतील ताडोबा येथें हा विषय आपल्या दाराशीं येतो. साग, बांबू आणि तेंदू यांच्या रानांत एक मोठें तळें आहे. त्याच्या कांठीं एका मोठ्या झाडाखालीं तारू या गोंड देवाचें ठाणें आहे. तारू हा एका गांवचा मुखिया होता, वाघाशीं झुंजतां झुंजतां तो मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. पौषांत तेथें गोंड लोक जमत आले आहेत. त्याच्याच नांवावरून रानास ताडोबा हें नांव पडलें. वाघ पाहावयास जगभरांतून लोक येतात तें रान ज्याच्या नांवानें ओळखलें जातें, तो माणूस वाघानें मारलेला आहे, आणि त्याच्या लोकांनीं त्याबद्दल वाघाशीं वैर धरलेलें नाहीं.

परंतु देवकथेंतील तो समझोता रोजच्या जीवनांत सोपा नाहीं. ताडोब्यांत वाघ वाढले आणि उद्यानाच्या सीमा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्याच्या शेताशिवारांत फिरूं लागले. उन्हाळ्यांत पहांटे मोह वेंचावयास, तेंदूची पानें तोडावयास गेलेल्या स्त्रिया आणि पुरुष वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षीं मरतात. मुंबईपुण्याच्या घरांत वाघांची वाढलेली संख्या वाचून जो आनंद होतो, तो रास्त आहे; मात्र त्या आनंदाचें देणें कोण फेडतें, हेंही त्या घरांत ठाऊक असलें पाहिजे.

भारतांत आज शंभराहून अधिक राष्ट्रीय उद्यानें आणि पांचशेंहून अधिक अभयारण्यें आहेत. तीं सर्व मिळून देशाच्या भूमीचा सुमारें विसावा हिस्साच व्यापतात. वाळवंट आणि बर्फाळ शिखरें, खारफुटीचीं बेटें आणि सालवनें, इतकी विविधता एवढ्याशा जागेंत सांभाळली जात आहे. शिकाऱ्यानें आपल्या सुखाकरितां राखलेली भूमि सर्वांच्या मालकीची झाली, हा या इतिहासाचा उजळ भाग. ती राखतांना दुसऱ्यास बाहेर ठेवण्याची त्याची रीत मात्र पुष्कळ दिवस बदलली नाहीं, हा काळोखा भाग. कौटिल्याचें अभयवन पशुपक्ष्यांपुरतें होतें. बिष्णोई गांवांनीं आणि तारूच्या लोकांनीं अभयाचा अर्थ त्याहून विस्तृत करून दाखविला.

केवलादेवाच्या देवळाशेजारचे ते फलक कोणीं पुसून टाकले नाहींत, हें बरें झालें. मारलेल्या पक्ष्यांची संख्या तेथें दगडावर आहे, आणि ती वाचणारास लाज वाटते, हीच त्या दगडांची आजची उपयुक्तता. रानासाठीं ज्यांनीं घर, चराई किंवा जीव दिला त्यांचा हिशेबही तितक्याच स्पष्ट अक्षरांत ठेवला जाईल, तेव्हां अभयारण्य हें नांव सार्थ झालें असें म्हणतां येईल.